ऑफशोअर तेलवाल्यांना हेलिकॉप्टर विकायचं म्हणजे नक्की कुणाला काय विकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की तुमची कंपनी सहा-सात टनांचं, दोन इंजिनांचं ट्रान्सपोर्ट हेलिकॉप्टर समुद्रातल्या तेलाच्या धंद्यात उतरवतेय, ब्रोशर तयार आहे, त्यात स्पीड, रेंज आणि पंधरा सीट हे तीन मुद्दे मोठ्या अक्षरात आहेत, शिवाय "अत्यंत सुरक्षित" असंही लिहिलंय, आता सुरुवात ओएनजीसीपासून करायची की परदेशातल्या मोठ्या ऑपरेटरपासून, आणि पहिल्या भेटीत बोलायचं काय. मी आधी मुंबईत जुहूच्या हेलिकॉप्टर तळावर मेंटेनन्समध्ये होतो, मग ऑपरेटरकडे टेंडरची कामं बघितली आणि नंतर विकणाऱ्यांच्या बाजूनेही बसलो, त्यामुळे तिन्हीकडचं थोडं थोडं माहितीये. उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तेल कंपनी हेलिकॉप्टर विकत घेतच नाही. काही अपवाद सोडा, पण जगभर पद्धत अशी की तेल कंपनी सेवा घेते आणि मशीन असतं ऑपरेटरचं. ऑपरेटर म्हणजे आपल्याकडे पवन हंस, बाहेर ब्रिस्टो, सीएचसी, पीएचआय, एनएचव्ही वगैरे. त्यातही बऱ्याचदा मशीन ऑपरेटरचंही नसतं, लीजिंग कंपनीचं असतं, ऑपरेटर महिन्याचं भाडं भरतो. म्हणजे चेक फाडणारा एक, मशीन पसंत करणारा दुसरा, उडवणारा तिसरा आणि त्यात जीव मुठीत धरून बसणारा चौथा. तुमचं ब्रोशर यातल्या फक्त तिसऱ्यासाठी लिहिलंय, आणि खरं सांगायचं तर पायलट सोडून ते कुणी वाचणारही नाही.

यातला दुसरा माणूस सगळ्यात महत्त्वाचा आणि मार्केटिंगवाले नेमके त्यालाच विसरतात. मोठ्या तेल कंपनीत एव्हिएशन ॲडव्हायझर असतो, बहुतेक वेळा जुना पायलट किंवा जुना इंजिनीअर. टेंडरमध्ये कुठलं मशीन चालेल आणि कुठलं नाही हे तो ठरवतो, किंवा अटी अशा लिहितो की आपोआप ठरतं. त्याच्या टेबलावर आयओजीपीचा ६९० नंबरचा रिपोर्ट असतो, म्हणजे तेल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने ऑफशोअर हेलिकॉप्टरसाठी घालून दिलेली चौकट. त्यात गिअरबॉक्सचं व्हायब्रेशन मोजणारी हम्स सिस्टीम, पाण्यावर तरंगायचे फ्लोट, पॅसेंजरची सीट, खिडक्या, लाइफ राफ्ट, पायलटचं ट्रेनिंग असं सगळं येतं. तुमच्या मशीनचा या रिपोर्टशी ताळा मांडलेला कागद, कलमवार, कुठे बसतं आणि कुठे बसत नाही हे सरळ लिहिलेला, हाच तुमचा खरा सेल्स पेपर. तो नसेल तर पहिली भेट घेऊच नका. आणि जिथे बसत नाही तिथे झाकपाक करू नका, त्या माणसाने आयुष्यभर लॉगबुकं वाचलीत, तो तिसऱ्या पानावर पकडतो आणि मग बाकीचंही खरं धरत नाही.

आता त्या पंधरा सीटबद्दल बोलू, कारण घोडं पेंड खातं ते तिथेच. ढोबळ हिशोब करून दाखवतो, आकडे समजण्यापुरते धरलेत, कुठल्या एका मॉडेलचे नाहीत. समजा जास्तीत जास्त टेकऑफ वजन ६,८०० किलो. रिकामं वजन ब्रोशरमध्ये ४,२०० लिहिलंय, पण ते कारखान्याच्या दारातलं. त्यात फ्लोट लावा, राफ्ट टाका, हम्स, रडार, ऑफशोअरच्या सीट, इमर्जन्सी लाइट, सगळं धरून ४,६०० होतं. दोन पायलट १८० किलो. जुहूहून मुंबई हाय साधारण १६० किलोमीटर, ताशी २६० ने गेलात तर टॅक्सी-अप्रोच (जमिनीवरचं सरकणं आणि उतरायची तयारी) धरून ४० मिनिटं, जाऊन येऊन ८० मिनिटं, तासाला ४०० किलो इंधन म्हणजे साडेपाचशेच्या आसपास, वर अर्ध्या तासाचा रिझर्व्ह २००, वाऱ्याचं, थांबायचं, टॅक्सीचं मिळून आणखी शंभर, म्हणजे ८५० किलो धरा. उरले किती, ११७० किलो. माणूस, त्याचं लाइफ जॅकेट आणि बॅग मिळून १०० किलो धरला तर अकरा माणसं. पंधरा सीट, बसले अकरा.

हे झालं जानेवारीतलं. मे महिन्यात जुहूला दुपारी ३५ डिग्री आणि घामाची धार लागलेली असते तेव्हा हवा पातळ, इंजिनाची ताकद कमी, आणि एक इंजिन बंद पडलं तरी सुखरूप सुटायचं ही अट पाळायची असेल तर टेकऑफ वजन खाली आणावं लागतं. समजा ३०० किलोने आणलं, झाली आठ माणसं. तेच मशीन, तेवढंच महिन्याचं भाडं, तेच दोन पायलट, पण एका सीटचा खर्च तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढला. आता विचार करा, तेल कंपनीचा लॉजिस्टिक्सवाला जानेवारीचा आकडा बघून क्रू चेंजचं, म्हणजे रिगवरची माणसं बदलायचं, वेळापत्रक लावतो का मेचा? अर्थात मेचा. म्हणून सीट किती हे सांगू नका, ३५ डिग्रीत १६० किलोमीटरवर जाऊन तिथे इंधन न भरता परत येताना किती माणसं बसतात ते सांगा. हा एक आकडा ज्याच्या ब्रोशरच्या पहिल्या पानावर असेल त्याचं ब्रोशर ॲडव्हायझर ठेवून घेतो.

आणि हे अंतराप्रमाणे बदलतं, म्हणून एकच आकडा सगळीकडे मिरवू नका. अमेरिकेच्या गल्फमध्ये किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात छोटी सिंगल इंजिन मशीनं वर्षानुवर्षं चाललीत, पीएचआय तर १९४९ पासून लुइझियानाच्या त्या दलदलीत हाच धंदा करतेय, पण खोल पाण्यातल्या प्लॅटफॉर्मला एस-९२ सारखं मोठं हेलिकॉप्टर लागतं. ब्राझीलच्या सांतोस बेसिनमध्ये तेल किनाऱ्यापासून तीनशेएक किलोमीटरवर, तिथे तुमचं सहा-सात टनी मशीन इंधनच वाहून नेईल, माणसं नाही. उलट आपल्याकडे मुंबई हायमध्ये एकदा पोचलं की प्लॅटफॉर्मवरून प्लॅटफॉर्मवर उड्या मारत फिरायचं काम भरपूर. त्यात उडायचे तास कमी आणि लँडिंग ढीगभर. लँडिंग गिअर, रोटर ब्रेक, इंजिन, सगळ्यांची झीज तासापेक्षा सायकलवर, म्हणजे किती वेळा उडालं-उतरलं यावर होते, आणि तुमचा मेंटेनन्सचा खर्च तासावर काढलेला असेल तर ऑपरेटरचा चीफ इंजिनीअर तो कागद बाजूला सारतो.

हेलिडेकचं, म्हणजे प्लॅटफॉर्मवरच्या हेलिकॉप्टर उतरायच्या जागेचं थोडक्यात. डेकवर मोठ्या आकड्यात दोन गोष्टी रंगवलेल्या असतात, एक डी-व्हॅल्यू, म्हणजे रोटर फिरत असताना मशीनची टोकापासून टोकापर्यंत लांबी मीटरमध्ये, आणि दुसरं डेक किती टन झेलू शकतो ते. डॉफिन या छोट्या मॉडेलची डी-व्हॅल्यू १३.७, मधल्या एडब्ल्यू-१३९ ची १६.७ च्या आसपास, एस-९२ ची जवळजवळ २१. मुंबई हायचं तेल सापडलं १९७४ मध्ये, सागर सम्राट या ड्रिलिंग रिगवरून, आणि उत्पादन १९७६ पासून, तेव्हा तिथले जुने प्लॅटफॉर्म त्या काळच्या मशीनच्या मापाने बांधलेले आहेत. तुमचं मशीन डेकच्या आकड्यात अर्ध्या मीटरने बसत नसेल तर बाकी कितीही चांगलं असो, त्या डेकपुरतं ते बाद. म्हणून गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्याच्या डेकची यादी मिळवा आणि किती टक्के डेकवर आपण उतरू शकतो ते काढून न्या.

आता चौथा माणूस, मागे बसणारा. त्याच्या खिशातून एक पैसा जात नाही, टेंडरवर त्याची सही नसते, पण या धंद्यात त्याने मान हलवली नाही तर मशीन पडून राहतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण एअरबसचं एच२२५. नॉर्थ सीचं, म्हणजे ब्रिटन आणि नॉर्वेमधल्या समुद्रातल्या तेलाच्या कामाचं, हे मुख्य मशीन होतं. २०१२ मध्ये या मॉडेलची दोन मशीनं समुद्रात उतरवावी लागली, गिअरबॉक्समधल्या शाफ्टला तडे गेल्यामुळे, पण दोन्ही वेळा सगळी माणसं वाचली आणि दुरुस्ती करून मॉडेल परत सेवेत आलं. मग २९ एप्रिल २०१६, नॉर्वेत बर्गनजवळ तुरॉय बेटावर गलफॅक्स प्लॅटफॉर्मवरून परत येणारं मशीन कोसळलं, हवेतच मेन रोटर सुटून वेगळा झाला, तेराच्या तेरा जण गेले. चौकशीत गिअरबॉक्सच्या आतल्या एका प्लॅनेट गिअरला फटीग क्रॅक, म्हणजे सततच्या ताणाने तडा गेल्याचं निघालं. तो क्रॅक आतल्या आत वाढला आणि तेलात धातूचे कण शोधणाऱ्या चिप डिटेक्टरला त्याचा पत्ताच लागला नाही.

यानंतर जे झालं ते मार्केटिंगवाल्याने पाठ करून ठेवावं. युरोपच्या विमान सुरक्षा एजन्सीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटी घालून उडायला परवानगी दिली, ब्रिटन आणि नॉर्वेने २०१७ च्या जुलैमध्ये बंदी उठवली. कागदोपत्री मशीन मोकळं. पण रिगवरच्या कामगारांनी आणि त्यांच्या युनियननी सांगून टाकलं की आम्ही त्यात बसणार नाही, आणि स्टॅटऑइल या नॉर्वेच्या मोठ्या तेल कंपनीनेही परत न वापरण्याचीच भूमिका घेतली. कंपनीने स्पष्टीकरणं दिली, तांत्रिक सुधारणा दाखवल्या, पण नॉर्थ सीत ते मशीन पुन्हा रुळलंच नाही. पुढे त्यातली बरीच मशीनं दुसऱ्या कामांना गेली, युक्रेनने २०१८ च्या करारात वापरलेली २१ घेतली. सांगायचा मुद्दा, सर्टिफिकेट मिळालं म्हणजे विश्वास मिळाला असं होत नाही, आणि एकदा उडालेला विश्वास डिस्काउंट देऊन परत येत नाही.

दुसरं उदाहरण शब्दांच्या जबाबदारीचं. एस-९२ च्या मेन गिअरबॉक्सचं तेल गेलं तरी मशीन अर्धा तास चालेल असा समज बाजारात पक्का झाला होता. प्रत्यक्षात चाचणीत गिअरबॉक्स तेवढा टिकला नव्हता, मग नियमातल्या दुसऱ्या वाटेने, तेल जाण्याची शक्यता अत्यंत कमी आहे असं दाखवून, सर्टिफिकेट घेतलं गेलं. १२ मार्च २००९ ला कॅनडात न्यूफाउंडलंडसमोर कूगर कंपनीच्या एस-९२ चे ऑइल फिल्टरच्या बाउलचे टायटॅनियमचे स्टड तुटले, तेल गेलं, पायलट परत किनाऱ्याकडे निघाले आणि वॉर्निंग आल्यापासून दहा-अकरा मिनिटांतच मशीन पाण्यावर आदळलं. १८ पैकी १७ गेले. त्या आधीच्या समजामुळे किती जणांनी किती चुकीचे हिशोब मनात धरले असतील कुणास ठाऊक. यानंतर एडब्ल्यू-१८९ या दुसऱ्या मॉडेलवाल्यांनी गिअरबॉक्स तेलाशिवाय ५० मिनिटं चालवून दाखवला आणि त्याचं सर्टिफिकेट घेतलं, आणि मग तेच वाक्य त्यांच्या प्रत्येक भाषणात पहिलं असायचं. बरोबरच होतं ते, कारण ते मोजून दाखवलेलं होतं. तुमच्या ब्रोशरमध्ये "अत्यंत सुरक्षित" असं वाक्य आहे असं तुम्ही लिहिलंय, ते आजच काढा. त्या जागी टेस्टमध्ये काय केलं, किती मिनिटं, कुठल्या नियमाखाली, एवढंच लिहा.

मागे बसणाऱ्याला काय दिसतं ते बघायचं असेल तर ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशनचा २०१४ चा रिपोर्ट बघा, कॅप ११४५. २०१३ च्या ऑगस्टमध्ये शेटलंडजवळ सुपर प्यूमा हेलिकॉप्टर पडून चार जण गेले, त्यानंतरचा तो. मशीन पाण्यात उलटलं की माणसं आपटून कमी आणि बाहेर पडता न आल्याने जास्त बुडतात, म्हणून प्रत्येक पॅसेंजरला ढकलून उघडणाऱ्या खिडकीशी सीट हवी, श्वास घ्यायचं उपकरण हवं, असल्या अटी आल्या. आणि २०१५ च्या एप्रिलपासून खांद्यांची रुंदी साधारण ५६ सेंटिमीटरपेक्षा जास्त असलेल्या कामगाराला मोठ्या खिडकीशेजारीच बसवायचं असा नियम झाला, रिगवरच्या लोकांचे खांदे अक्षरशः टेपने मोजले गेले. आता डेमोला तुम्ही काय करता? एसी चालू, लेदरच्या सीट, व्हीआयपी फिरवून आणले. त्यापेक्षा युनियनचा एक धिप्पाड माणूस बोलवा, लाइफ जॅकेट घालून मधल्या सीटवर बसवा, डोळ्यांवर पट्टी बांधा, बेल्ट सोडून खिडकीच्या ढकलायच्या कडेपर्यंत त्याचा हात जातो का बघा. मी एका डेमोत हे बघितलंय, त्या माणसाचा हात दुसऱ्याच्या छातीवर अडकला आणि सीटची रांग काही सेंटिमीटर मागे सरकवायचा निर्णय हँगरमध्ये उभ्या उभ्या झाला, एक रांग कमी करायची तयारी होती त्यांची. ऑर्डर त्यांनाच मिळाली, आणि ती स्पीडमुळे नक्कीच मिळाली नाही.

एकाच मशीनमध्ये जास्त माणसं कोंबून सीटचा खर्च पाडायची कल्पना पण जुनी आहे. बोइंगने आर्मीचं चिनूक नागरी वेशात आणलं, मॉडेल २३४, ४४ पॅसेंजर, १९८१ पासून ब्रिटिश एअरवेज हेलिकॉप्टर्सने ॲबरडीनहून थेट शेटलंडच्या पलीकडच्या ब्रेंट फील्डपर्यंत चालवलं, मध्ये विमान बदलायची कटकट नाही. हिशोब एकदम चोख होता. ६ नोव्हेंबर १९८६ ला शेटलंडच्या संबरा विमानतळाजवळ पुढच्या गिअरबॉक्समधला गिअर गेला, दोन्ही रोटर एकमेकांवर आपटले, ४५ माणसं गेली, दोघं वाचले. त्या आकड्यानेच ऑफशोअरमधला त्या मशीनचा बाजार संपला.

आपल्याकडची गोष्ट तर याहून बोलकी आहे आणि नव्या पोरांना माहीतच नसते. पवन हंस १९८५ मध्ये निघाली ती मुळात ओएनजीसीची माणसं ने-आण करायला. तेव्हा ब्रिटनमध्ये वेस्टलँड कंपनी गटांगळ्या खात होती, तिचं डब्ल्यू-३० नावाचं मशीन कुणी घेत नव्हतं, आणि थॅचरबाईंच्या सरकारने साडेसहा कोटी पौंडांची मदत म्हणून अशी २१ मशीनं भारताच्या गळ्यात मारली. राजीव गांधी सुरुवातीला तयार नव्हते. हे मॉडेल सगळं मिळून चाळीसेक बनलं, त्यातली निम्मी आपल्याकडे! पदरी पडलं पवित्र झालं म्हणून घेतली, पण मशीन आपल्या उकाड्याला आणि डोंगरांना पुरं पडेना, इंजिनांचे प्रॉब्लेम, दोन जीवघेणे अपघात झाले, आणि शेवटी सगळी जमिनीवर आली आणि दहा लाख पौंडांच्याही आत भंगारभावाने गेली. त्याच सुमारास आलेली फ्रेंच डॉफिन मात्र पुढे कित्येक वर्षं जुहूहून उडत राहिली. फरक विक्रीच्या कौशल्याचा म्हणाल तर वेस्टलँडची विक्री जास्त कौशल्याची होती, पंतप्रधान पातळीवरून झालेली. पण ऑफशोअरमध्ये विकून झाल्यावर दहा-पंधरा वर्षं मशीन रोज सकाळी सातला सुरू व्हावं लागतं, आणि कंपनीचं नाव तिथेच ठरतं.

रोज सुरू होणं म्हणजे स्पेअर. हे मी मेंटेनन्सवाला म्हणून जरा जास्तच मनापासून सांगतोय, सहन करा. समुद्रावर मशीन उडालं की मीठ सगळीकडे बसतं, शेवटची फ्लाइट आली की गोड्या पाण्याने धुवायचं, कंप्रेसर वॉश द्यायचा, सांधे-सांधे टॉर्च मारून बघायचे, पावसाळ्यात तर ॲल्युमिनियमवर पांढरी पूड दोन दिवसांत दिसते. पार्ट लागणारच. एका मशीनला एकदा हातात मावेल असा सील हवा होता, किंमत मशीनपुढे काहीच नाही, पण निर्मात्याचा स्टॉक युरोपात, पाठवला तेव्हा सर्टिफिकेट अपुरं, पार्ट कार्गोमध्ये अडकला आणि मशीन हँगरमध्ये कापड घालून उभं. तेवढ्या काळात ऑपरेटरला दंड लागत होता कारण कंत्राटात मशीन उपलब्ध नसेल तर पैसे कापायचं कलम असतंच. त्या ऑपरेटरने पुढची मशीनं त्या निर्मात्याची घेतली नाहीत, आणि निर्मात्याचे सेल्सवाले स्पीड किती आणि रेंज किती याचंच प्रेझेंटेशन घेऊन येत राहिले! एस-९२ सारख्या यशस्वी मशीनलाही गेल्या काही वर्षांत गिअरबॉक्स आणि पार्टच्या टंचाईने जेरीस आणलंय, जगभर ऑपरेटर त्यावर बोलतायत, आणि त्यामुळेच एडब्ल्यू-१८९ आणि एच१७५ वाल्यांची दारं उघडलीत. तुम्हीही यात घुसू शकता, पण मुंबईत किंवा निदान भारतात बॉन्डेड स्टोअर (कस्टमच्या देखरेखीखालचं गोदाम), त्यात गिअरबॉक्सपासून सीलपर्यंत काय असेल त्याची यादी, आणि पार्ट अमुक तासात नाही आला तर आम्ही काय भरून देऊ हे लेखी, एवढं घेऊन या.

पैशाची रचना समजून घ्या. कंत्राट साधारण असं असतं, कंपनीची बस लावतात ना तसं, महिन्याची ठराविक रक्कम आणि वर उडालेल्या तासाचा दर, आणि मोठा हिस्सा ठराविक रकमेचा, ढोबळ दोन तृतीयांश म्हणा. म्हणजे मशीन उडालं नाही तरी ऑपरेटर जगतो, पण उपलब्ध नसेल तर मरतो. तेलाचा भाव वर असला की पाच-पाच वर्षांची कंत्राटं मिळतात, पडला की तेल कंपन्या पहिले हेलिकॉप्टरच कापतात. २०१४ च्या मध्यात ब्रेंट जातीचं तेल बॅरलला ११५ डॉलरच्या आसपास होतं, २०१६ च्या जानेवारीत ३० च्या खाली, आणि त्या वादळात २०१६ मध्ये सीएचसी, २०१८ मध्ये वेपॉइंट ही लीजिंग कंपनी, २०१९ मध्ये पीएचआय आणि ब्रिस्टो, सगळे दिवाळखोरीच्या कोर्टात गेले. तेव्हापासून लीजवाले एकच विचारतात, हे मशीन ऑफशोअरमधून परत आलं तर दुसरं कोण घेईल? रेस्क्यू, कोस्ट गार्ड, अँब्युलन्स, व्हीआयपी? एडब्ल्यू-१३९ हजाराच्या वर खपलं त्यात याचाही वाटा आहे. तुमच्या मशीनची दुसरी नोकरी काय हे लीजवाल्याला सांगता आलं पाहिजे.

आता ओएनजीसी. इथे माझं स्पष्ट मत, थेट ओएनजीसीकडे मशीन घेऊन जाण्यात अर्थ नाही, टेंडर सेवेचं निघतं, टेक्निकल बिड पास झाल्यावर एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाववाला जिंकतो. तिथे तुमच्या मशीनच्या गुणांना वेगळे मार्क नाहीत, ते गुण टेक्निकल अटीत आधीच उतरलेले असतील तरच उपयोग, किंवा त्या गुणांमुळे ऑपरेटरचा दर खाली आला तर. म्हणून काम टेंडर निघायच्या दोन-तीन वर्षं आधीचं. ऑपरेटरच्या चीफ इंजिनीअरसोबत बसून दहा वर्षांचा खर्च काढायचा, आणि ओएनजीसीच्या सेफ्टीवाल्यांशी सुरक्षिततेवर बोलायचं, विक्रीवर नाही. ते लोक ऐकतात, त्यांनी खूप बघितलंय. २००३ मध्ये एमआय-१७२ पडलं, १३ जानेवारी २०१८ ला जुहूहून निघालेलं डॉफिन पडून सातही जण गेले, त्यात ओएनजीसीचे पाच अधिकारी, २८ जून २०२२ ला सागर किरण रिगजवळ एस-७६डी पाण्यात गेलं, नऊपैकी चार गेले. त्या खोल्यांत बसणाऱ्यांनी आपली माणसं गमावलीत, तिथे चकचकीत व्हिडिओ लावू नका.

आणि तुमचा स्पर्धक आता घरचाही आहे. २०२५ मध्ये पवन हंसला ओएनजीसीचं, एचएएलच्या चार ध्रुव एनजी हेलिकॉप्टरचं दहा वर्षांचं कंत्राट मिळालं, २,००० कोटींच्या वर. भागून बघा, एका मशीनमागे वर्षाला ५० कोटी, महिन्याला चारच्या वर. म्हणजे बाजार धातूचा नाही, पायलट, पार्ट, विमा, हँगर सगळं धरून सेवेचा आहे. ध्रुव साडेपाच टनांचं, डेकला हलकं, शक्ती इंजिन, पार्ट बेंगळुरूहून, रुपयात. पण त्याच वर्षी ५ जानेवारीला पोरबंदरला कोस्ट गार्डचं ध्रुव पडलं, तिघे गेले, स्वॉशप्लेटचा, म्हणजे रोटरच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या भागाचा प्रश्न निघाला आणि सगळा ताफा काही महिने जमिनीवर होता. सिव्हिल मशीन वेगळं, नवं, हे इंजिनीअरला समजावता येतं, पण मुंबई हायवर चौदा दिवसांची ड्यूटी लावायला निघालेल्या माणसाला कसं सांगणार, हा एचएएलपुढचा खरा मार्केटिंगचा प्रश्न. मी तिथे असतो तर प्लॅटफॉर्मवर जाऊन मेसमध्ये बसलो असतो, स्वॉशप्लेट हातात घेऊन, काय तुटलं होतं आणि आता काय बदललंय ते दाखवत, पडतील तेवढे प्रश्न घेत. तुम्हालाही तेच सुचवीन, तुमच्या मशीनचा जो काही जुना अपघात असेल त्याच्यापासून सुरुवात करा, कारण समोरचा माणूस तुमची गाडी गेटवर यायच्या आत तो मोबाइलवर वाचून बसलेला असतो.

क्रम विचारला होतात तर, आधी एक ऑपरेटर, शक्यतो असा ज्याची मशीनं म्हातारी झालीत, मग त्याच्यासोबत ॲडव्हायझर, मग लीजवाला, सगळ्यात शेवटी टेंडर. पूर्व किनाऱ्यावर राजमुंद्रीकडून होणारं कामही बघा, सगळे जुहूलाच गर्दी करतात. ब्रोशरचं पुढचं पान मात्र आत्ताच बदला, आणि ऑफशोअरचं सगळं सामान लावून मशीनचं रिकामं वजन, ३५ डिग्रीला एका इंजिनावरचा टेकऑफचा चार्ट आणि डी-व्हॅल्यू एवढं इथे टाका, मुंबई हायच्या अंतराला खरे किती बसतात ते काढून देतो.